प्रवास कोठे सुरू होतो?

विलायतेस गेलेल्या विद्यार्थ्याचे पहिले अनुभव ऐकण्याची हौस आपल्या घरांतून फार जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या, रँग्लर परांजपे केंब्रिज येथे १८९९ साली सीनिअर रँग्लर झाले. समुद्रोल्लंघनाच्या प्रायश्चित्ताचा वाद तर केव्हाच मागे पडला. आज पुष्कळ कुटुंबांत कोणी ना कोणी परदेशी असतो.

आम्ही ज्याचे अनुभव नुकतेच ऐकले, तो मात्र अशा घरातला नव्हे. तो तलासरी तालुक्यातील एका वारली पाड्यावरचा. डहाणूस आमच्यापाशी तीन वर्षे संस्कृत शिकला, पुढे पदवी घेऊन सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला वर्षभराच्या अभ्यासक्रमास गेला. गेल्या दिवाळीत तो भेटीस आला, तेव्हा आमच्या कुटुंबाने विचारले, "अरे, तिकडे पहिल्याने वेगळे काय वाटले?"

त्याने उजेडापासून आरंभ केला. डहाणू विसाव्या अक्षांशावर, लंडन एक्कावन्नाच्याही वर. त्यामुळे तेथे जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आतच. तो चारला खोलीत दिवा लावी, तेव्हा पाड्यावर रात्रीचे साडेनऊ होऊन आई निजलेली असे. तिच्याशी बोलावयाचे तर दुपारी एकलाच. त्या वेळी ती चिकूच्या वाडीतले काम आटोपून घरी आलेली असे. अध्यापकांस नुसत्या नावाने हाक मारणे महिनाभर त्याच्या जिभेवर येईना. इंग्रजीची धास्ती मात्र आठवड्यातच गेली. वर्गात निम्म्याहून अधिक मुले देशोदेशींची. प्रत्येकाचे उच्चार निराळे, आणि कोणी कोणास हसत नसे.

येथे तो थोडा थांबला व म्हणाला, "गुरुजी, खरे सांगू? मी परदेशी गेलो तो दहाव्या वर्षीच, वसतिगृहात आलो तेव्हा. घरी नागलीची भाकरी, तिथे पोळी. घरी आमची बोली, तिथे पुस्तकातली मराठी. पहिल्या दिवशी वर्गात तोंड उघडले आणि सगळे हसले. मग वर्षभर मी बोललोच नाही. लंडनला निदान विमानतळावर कोणी न्यायला तरी आले होते!"

त्या शाळेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्याच्या बोलण्याने आम्हांस एका शब्दाचा अर्थ नव्याने उमगला. संस्कृतात 'प्रवास' म्हणजे वाट चालणे नव्हे. घर सोडून अन्यत्र राहणे. त्यास समुद्र लागतोच असे नाही. आपला मुलगा विलायतेस निघाला, की आपण लोणचे, लोकरी कपडे, ओळखीच्या घराचा पत्ता, सारे बरोबर देतो. पाड्यावरून एस. टी.ने दीड तासावर आलेल्या मुलाजवळ एक पत्र्याची पेटी असते, आणि जी भाषा त्यास येते ती तेथे कोणास नको असते.

हल्ली तो तलासरीसच असतो. सायंकाळी एका वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलांस शिकवितो. पहिले दोन महिने वारलीतून, मग हळूहळू मराठीतून. "बोलायला लागली म्हणजे शिकतातच," असे तो म्हणतो.

आपल्या गावी असे वसतिगृह असल्यास वाचकांनी एखाद्या रविवारी तेथे अवश्य जावे, आणि मुलांस त्यांच्या घरचे शब्द विचारावेत.