न धुतलेली पुडी

पाबळच्या शिवारात विहिरीतून निघालेल्या दगडाच्या ढिगातून नमुना निवडावा, तो फोडावा आणि भिंगाखाली त्याची एकेक ताजी कपची वेचावी, हे काम मी आजवर दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन केले नव्हते; हाताला कंप सुटल्यामुळे या वर्षी ते माझ्या विद्यार्थिनीकडे गेले आहे.

सह्याद्रीच्या घाटात लाव्हाचे थर एकावर एक उघडे दिसतात. कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांनी १९८५ मध्ये महाबळेश्वरच्या थरांची रासायनिक वंशावळ मांडली, ती अशा चढणींवरच. पाबळच्या पठारावर ही सोय नाही. येथे सगळाच पाषाण काळा, आणि त्याचे कूळ केवळ रसायन सांगते: आंबेनळीच्या थरांत स्ट्रॉन्शियम ८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर ०.७०४च्या आसपास, तर बुशेच्या थरांत ०.७१३च्याही वर; कारण बुशेच्या शिलारसाने वर येताना खंडाचे जुने कवच पचवले, आणि त्या कवचात रुबिडियमचा ऱ्हास होऊन स्ट्रॉन्शियम ८७ युगानुयुगे साठत आलेले होते. याच ओळखीच्या बळावर दूर गोदावरीच्या मुखाजवळील राजमहेंद्रीच्या लाव्हाचे नाते वाईच्या थरांशी जुळले.

परंतु सुमारे साडेसहा कोटी वर्षांत या दगडातून पाणी फिरले आहे. पोकळ्यांत झिओलाइट भरले, भेगांत चुनखडी उतरली, आणि स्ट्रॉन्शियम तर कॅल्शियमचे भावंड, चुन्यात सुखाने राहणारे. म्हणून काळ्या कपचीच्या पोटात दडलेला पांढरा कण शिलारसाच्या साक्षीत पाण्याची साक्ष मिसळून टाकतो. डोळ्याला तो दिसतो, पण नेहमी नाही, आणि माझे सारे आयुष्य या ‘नेहमी नाही’भोवतीच फिरले. सडकेच्या कडेचा कुजका दगड फोडून आणायचा आणि त्याचे गुणोत्तर सहाव्या दशांशापर्यंत मिरवायचे, ही अलीकडची रीत मला मनापासून नापसंत आहे. यंत्राची अचूकता नमुन्याला शुद्ध करीत नाही.

माझी विद्यार्थिनी मात्र प्रत्येक नमुना सौम्य आम्लाने धुते. तिची रीत शास्त्रशुद्ध आहे, हे मी जाणतो. तरी माझ्या हातच्या कपचीला धुण्याची गरज नाही हा अभिमान मी वर्षानुवर्षे बाळगला आणि आजही तो माझ्यात शाबूत आहे. तिने वेचलेल्या कपच्या ती नसताना मी पुन्हा भिंगाखाली धरतो; दोष सापडला नाही तर आनंद व्हावा, तो पुरता होत नाही. ती धुते, मी हरकत घेत नाही. परंतु प्रत्येक नमुन्याची न धुतलेली एक पुडी वेगळी राखून तिचेही गुणोत्तर काढावे, ही माझी मागणी कायम आहे.