फोटोखालची ओळ

जुन्नर-आंबेगावला कॅमेरा घेऊन निघालाय? लेन्स, ट्रायपॉड, पॉवर बँक सगळं घ्या. सोबत एक छोटी वहीपण घ्या!

गुरुवार दुपारपासूनच ऑफिसात कुजबुज सुरू होते. शनिवारी पाऊस आहे का? गाडी कोणाची? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, डीएसएलआर कोण आणतंय? पुण्यातल्या फोटोवेड्या मंडळींसाठी जुन्नर म्हणजे हक्काचा वीकेंड. पुण्यापासून नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, माळशेजचे ढग आहेत. एका दिवसात मेमरी कार्ड भरून जातं.

पण सोमवारी ते फोटो बघा. धुकं, डोंगर, पाणी, सूर्यास्त. खाली काय लिहिलंय? ‘नेचर अॅट इट्स बेस्ट’. नाही तर नुसतं हृदय. हा फोटो जुन्नरचा आहे की कूर्गचा, हे काढणाऱ्यालाही सहा महिन्यांनी आठवत नाही.

मी गेली काही वर्षं या दोन तालुक्यांत कामानिमित्त आणि बिनकामाचीही फिरते आहे. माझं आता ठाम मत झालंय, की इथे फोटो काढणं सोपं आहे, कस लागतो तो फोटोखाली ओळ लिहिताना.

दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रुप फोटो

पटत नसेल तर नाणेघाटात या. जुन्नरपासून साधारण तीस किलोमीटर. बहुतेक जण नानाच्या अंगठ्यावर उभं राहून खालच्या कोकणाचा फोटो काढतात आणि पावसाळ्यात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा टिपतात. दोन्ही भन्नाटच. पण घाटाच्या तोंडाशी जी गुहा आहे, तिथे थोडं थांबा.

हा सातवाहनांचा व्यापारी मार्ग. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही वाटेवर आहे. गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत राणी नागनिकेचा मोठा लेख कोरलाय. त्यात यज्ञ आहेत, दान दिलेल्या गाई आहेत, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी काही आहेत. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे ओळीने उभे होते. म्हणजे चक्क फॅमिली फोटो!

आज ते पुतळे नाहीत. पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. पण डोक्यावर कोरलेली नावं टिकलीत: सिमुक सातवाहन, देवी नागनिका, राजा सातकर्णी. चित्र गेलं, कॅप्शन राहिली. आणि ती राहिली म्हणून तिथे कोण उभं होतं, ते आपल्याला कळतं.

आपल्या मोबाइलमधल्या दहा हजार फोटोंपैकी किती फोटोंना हे भाग्य मिळेल?

बिबट्या: एका क्लिकची किंमत

जुन्नर म्हटलं की आता दुसरा शब्द येतो तो बिबट्या. धरणं आली, पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्या मुक्कामाला आला. इथल्या लोकांसाठी हा ‘वाइल्डलाइफ एक्सपीरियन्स’ नाही, रात्री मोटर चालू करायला जाताना पोटात येणारा गोळा आहे. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन मुलं होती.

अशा भागात फोटोखालची एक खोटी ओळ काय करू शकते, विचार करा. दुसऱ्याच राज्यातला जुना व्हिडिओ किंवा एआयने बनवलेला बिबट्या ‘आत्ताच, आपल्या गावात’ म्हणून फिरतो. आई-बाप मुलांना शाळेत पाठवत नाहीत, वनखात्याची माणसं नसलेल्या बिबट्यामागे धावतात. आणि खरा बिबट्या दिसला, तर त्या बातमीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

खरा फोटोही बेतानेच काढावा लागतो. ऊसतोडणीच्या दिवसांत फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. मांजराएवढी, निळसर डोळ्यांची. मग गर्दी जमते, सेल्फी सुरू होतात. पण आई जवळपासच असते आणि माणसं असेपर्यंत ती येत नाही. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था अशा पिल्लांना आईकडे परत पोहोचवायचं काम करतात. पिल्लं तपासायची, सापडली त्याच जागी संध्याकाळी ठेवायची, कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी निघून जायचं. अंधारात आई येते, पिल्लू तोंडात धरते आणि नेते. त्या क्षणाचा फोटो मिळतो, कारण तिथे एकही फोटोग्राफर नसतो!

थांबण्याची हीच कला नयन खानोलकरांनी मुंबईत दाखवली. आरे कॉलनीतल्या गल्लीतून चाललेल्या बिबट्याचा त्यांचा फोटो २०१६च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागात पहिला आला. कॅमेरा ट्रॅप लावून त्यांनी चार महिने वाट पाहिली. त्या फ्रेममध्ये नुसता बिबट्या नाही, वारली घरंही आहेत. माणसं आणि बिबट्या एकाच गल्लीत राहतात, हे फोटोच सांगतो.

पाण्याखालचं गाव

जुन्नरहून घोडेगावकडे वळलात की आंबेगाव तालुका लागतो. इथून पुढे भीमाशंकरच्या रस्त्यावर, घोड नदीवर डिंभे धरण. संध्याकाळी पाण्यावर असा काही रंग चढतो, की फिल्टरची गरजच नाही. मीही तिथे तास-तासभर ट्रायपॉड लावून बसले आहे.

पण एक साधा प्रश्न विचारा. तालुक्याचं नाव आंबेगाव, मुख्य ठिकाण मात्र घोडेगाव. मग आंबेगाव कुठे आहे? ते या पाण्याखाली आहे. धरणात मूळ गाव बुडालं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की जुन्या गावाचे अवशेष वर येतात. नाणेघाटात जे दोन हजार वर्षांत झालं, ते इथे एका पिढीत झालं. चित्र गेलं, नाव राहिलं.

ज्यांची शेतं गेली त्या आदिवासींनी पुढे ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने याच जलाशयात मासेमारी उभी केली. डोंगरउतारावर भातखाचरं बांधण्याची पडकई ही जुनी पद्धतही या कामाचा भाग होती. २०१२ मध्ये त्यासाठी ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तेव्हा तुमच्या फ्रेममध्ये एखादी होडी आली, तर ‘लोनली बोट’ लिहिण्याआधी होडीवाल्या काकांशी दोन शब्द बोला. त्यांना फोटो दाखवा. चालेल का, विचारा. नाव लिहायचं की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्या.

नारायणगावातही हेच. पाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. संदेश भंडारेंनी तमाशावर ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे अख्खं छायाचित्र-पुस्तक केलं. त्यात फक्त स्टेजवरची अदा नाही, तर कलावंतांचं रोजचं जगणं आहे. झूम लेन्स लावून लांबून असं काही मिळत नाही. बसावं लागतं, चहा प्यावा लागतो.

तेव्हा या वीकेंडला फोटो शंभरने कमी आले तरी चालतील. प्रत्येक फोटोखाली कोण, कुठे, कधी एवढं खरं लिहा. अपवाद एकच: बिबट्याची किंवा पिल्लांची नेमकी जागा. ती फक्त वनखात्याला सांगा.

जाण्यापूर्वी

कसं जाल? पुणे-नाशिक महामार्गाने राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि डावीकडे जुन्नर. डिंभ्यासाठी मंचरहूनच घोडेगावकडे वळा.

प्रकाश : नाणेघाट पश्चिमेकडे उघडतो, त्यामुळे तिथे दुपारनंतर जा. मात्र अंधार पडायच्या आत गावात परता आणि उसाच्या कडेने पायी फिरू नका.

पावसाळ्यात : प्रशासन पर्यटनस्थळांवर निर्बंध लावतं. निघण्याआधी चौकशी करा.

फडात पिल्लू दिसलं तर : हात लावू नका, लांब व्हा, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. फोटो राहिला तरी चालेल.