ताप उतरला, पाय मात्र धरले

गेल्या पावसाळ्यात लोणखेड्याला आमच्या घरी अम्मींना ताप आला. चौथ्या दिवशी तो उतरला, पण पाय धरले ते धरलेच. सकाळी पलंगावरून पाय जमिनीला टेकताच त्या कळवळत. घोटे सुजलेले, तळवे ठणकणारे. आम्ही दोघेही शिक्षक, शाळेची घाई. ‘ताप गेला ना, आता थोडं चाला, पाय मोकळे होतील,’ असे सांगून आम्ही निघून जायचो.

एका फजरला अम्मी सज्द्यातून उठून बसताना तोंडात ओढणीचा बोळा धरून रडत होत्या. ते पाहिले आणि आमची आम्हालाच लाज वाटली.

शहाद्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. चिकनगुनिया निघाला. टांझानियातल्या माकोंडे भाषेतले हे नाव; दुखण्याने वाकलेल्या माणसावरून पडलेले. तिथे 1952 मध्ये हा आजार ओळखला गेला. आपल्याकडे 1973 मध्ये बार्शीत आणि 2006 मध्ये मालेगावात त्याची साथ आली होती. ताप आठवडाभरात जातो, पण सांधे काहींचे महिनोन्‌महिने दुखतात. विषाणू मारणारे औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल, एवढाच आधार. डेंगू नाही हे कळेपर्यंत वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, असेही डॉक्टरांनी बजावले.

अम्मी खुर्चीवर नमाज पढायला तयार नव्हत्या. उभे राहता येत नसेल त्याने बसून, तेही जमत नसेल त्याने कुशीवर पडून नमाज पढावी, ही नबी (स.) यांची सवलत आम्ही त्यांना आठवण करून दिली. तेव्हा कुठे त्या खुर्चीवर बसल्या.

पण डास आला कुठून? अंगणात वुजूच्या पाण्याचा पिंप उघडाच होता. आत अळ्या वळवळत होत्या. हा डास दिवसा चावतो, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. आता दर जुम्याला आम्ही पिंप रिकामा करून घासतो, सुकवतो आणि भरल्यावर झाकतो.

अम्मी आता अंगणात फिरतात. सकाळी पाय अजून आखडतात. तुमच्या घरी ताप उतरल्यावरही कुणी पाय धरून बसले असेल, तर त्याला ‘चाला’ म्हणण्याआधी क्षणभर जवळ बसा. आम्हाला ते उशिरा सुचले.