लांबून पाहणाऱ्या

पोतराजाच्या कोरड्याचे आवाज दोन असतात. पहिला कोरडा हवेत फुटतो त्याचा, कडक. दुसरा तो उघड्या पाठीवर बसतो त्याचा, ओला. चैत्रात महाकालीची यात्रा भरली की आमच्या चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, हे दोन्ही आवाज गल्लीबोळांतून ऐकू येतात. नांदेड-परभणीकडची माणसं पोराबाळांसकट येतात, झरपट नदीत आंघोळ करून ओल्या अंगानेच देवळाकडे निघतात आणि त्या गर्दीत मध्येच थोडी मोकळी जागा होते. तिथे तो उभा असतो. कमरेला चिंध्यांचा घागरा, कपाळभर कुंकू. लहानपणी आजीचं बोट धरून उपासनेला जाताना पहिल्या आवाजाला मी मान वळवून बघायचे आणि दुसऱ्याला डोळे मिटायचे. आजी थांबायची नाही, पण ओढायचीही नाही.

२००६ साली यात्रा आणि आमचा पवित्र आठवडा एकाच वेळी आले. चैत्री पौर्णिमा गुरुवारी आणि उत्तम शुक्रवार १४ एप्रिलला, म्हणजे नेमका बाबासाहेबांच्या जयंतीला. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या गावात बाबासाहेबांनी स्वतः धम्मदीक्षा दिली, त्या गावात १४ एप्रिल काय असतो ते चांदेकरांना सांगायला नको. एकीकडे हलगी, एकीकडे निळे झेंडे, आणि आमच्या चर्चमध्ये बारा ते तीनची उपासना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांची. त्या आठवड्यातल्या बुधवारी माझा आतेभाऊ नागपूरहून एक सीडी घेऊन आला. मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’. अमेरिकेत तो दोन वर्षांपूर्वी राखेच्या बुधवारी, २५ फेब्रुवारी २००४ ला लागला होता. आमच्याकडे तो ज्यांनी पाहिला होता ते दोनच गोष्टी सांगत. एक, सगळा सिनेमा अरामी, इब्री आणि लॅटिन भाषांत आहे. दोन, बघवत नाही.

बैठकीच्या खोलीत आम्ही आठ-नऊ जण बसलो. कूलरचा आवाज, वाळ्याचा ओला वास. आजीने तिची खुर्ची दाराजवळ ओढून घेतली. तिथून पडदा तिरपा दिसायचा. समोर ये म्हटलं तर म्हणाली, “राहू दे, मले इथूनच दिसते.”

आजी नर्स होती. मिशनच्या दवाखान्यात तिने पस्तीस वर्षं पट्ट्या केल्या. अस्वलाने सोललेली डोकी, कोळशाच्या खाणीत चेंगरलेले पाय, मोहाच्या झाडाखालचा पालापाचोळा जाळताना लुगडं पेटून भाजलेल्या बाया. रक्ताला ती भिणारी नव्हती. पण सिनेमात फटक्यांचा प्रसंग सुरू झाला आणि आजीने तोंड फिरवलं. आधी वेताच्या छड्या. मग टोकांना अणकुचीदार तुकडे बांधलेले चाबूक. शिपाई मोजतात, हसतात, दमतात, पुन्हा मारतात. पाच मिनिटं झाली, सात झाली, संपेचना. आजी दाराबाहेर अंगणातल्या रखरखीत उन्हाकडे बघत बसली होती. मी उठून तिच्याजवळ गेले. बंद करू का, विचारलं.

“नको. त्यायले पाहू दे.” मग थोड्या वेळाने, अंगणाकडेच बघत, “जखम धुवाची असते, पोरी. पाहत बसाची नसते.”

हे वाक्य मी तेव्हापासून सोबत बाळगून आहे, आणि त्याच्याशी भांडतेही आहे. कारण समोर बसून बघणाऱ्यांमध्ये माझी आईसुद्धा होती. ती पदर तोंडात धरून रडत होती आणि तिचं ते रडणं खोटं नव्हतं. त्या रात्री तिने तीन वर्षं अबोला धरलेल्या मावशीला फोन केला. सिनेमाने ते घडवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून अशा चित्रपटाला हिंसेचा बाजार म्हणून झटकून टाकणं मला जमत नाही.

पण शुभवर्तमान उघडून बघा. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायाचं पहिलं वचन. पिलाताने येशूला नेऊन फटके मारविले, एवढंच. किती फटके, कशाने, रक्त कुठवर गेलं, काही नाही. मत्तय आणि मार्क तर हे जाता जाता, दुसऱ्याच वाक्याच्या पोटात सांगतात. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या पहिल्या वाचकांना रोमी फटके माहीत होते. आम्हाला पोतराजाचा कोरडा माहीत आहे, तसे. त्यांना दाखवायची गरज नव्हती. गिब्सनला वाटलं, आपल्या काळाला ते ठाऊक नाही, दाखवलं पाहिजे. त्यासाठी त्याने शुभवर्तमानांबरोबर अॅन कॅथरीन एमरिक या जर्मन जोगिणीच्या दर्शनांचाही आधार घेतला. फटक्यांनंतर पिलाताची बायको येशूच्या आईला पांढरी वस्त्रं आणून देते आणि मरीया व मग्दालीया गुडघ्यांवर बसून फरशीवरचं रक्त टिपून घेतात, हा प्रसंग तिथूनच आलेला. शास्त्रात पिलाताच्या बायकोचं फक्त एक स्वप्न आहे.

आणि नेमकी तिथे आजी पडद्याकडे वळली. सगळा सिनेमाभर तिने एवढं नीट दुसरं काही पाहिलं नाही. पुढे झुकून ती त्या बायांचे हात बघत होती. “हे वचनात नाही,” ती म्हणाली, “पण बरोबर करते. घासत नाही, दाबून टिपते.”

मला तेव्हापासून वाटतं, अशा सिनेमाला बसायची जागा आजीला बरोबर सापडली होती. आणि ती जागा शास्त्रात आहे. मार्क सांगतो, काही स्त्रिया लांबून पाहत होत्या. मग्दालीया मरीया होती, सलोमे होती. आम्ही दर उत्तम शुक्रवारी हे वाचतो आणि पुढे जातो. जणू त्या लांब होत्या ही त्यांची कसर होती. योहानाने आईला वधस्तंभाजवळ उभं केलं आहे. ती जवळ होती, कारण आईला दुसरी जागा नसते. बाकीच्यांना मात्र लांब उभं राहायची मुभा होती. शिष्य तर बहुतेक पळालेच होते. या बाया पळाल्या नाहीत, आणि पुढेही गेल्या नाहीत. जेवढं सोसवेल तेवढ्या अंतरावर उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे कोण गेलं, तर याच. लांबून चालणारा आणखी एक आहे, पेत्र. तोही अंतर ठेवून मागे मागे गेला, पण वाटेत शेकोटी दिसली, थंडी होती, तिथे हात शेकत बसला आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाही म्हणाला. त्याचं अंतर आणि त्या बायांचं अंतर कदाचित पावलांनी सारखंच असेल.

याच्या पुष्कळ आधी मी येशूचा एक सिनेमा पाहिला होता, सिरोंच्याला, आत्याकडे. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन, म्हणजे १९८२ नंतर, थोडीच वर्षं झाली असतील. सिरोंचा म्हणजे विदर्भाचं अगदी दक्षिणेचं टोक. प्राणहिता तिथे गोदावरीला मिळते आणि घराघरांत तेलुगू बोलतात. नदीकाठच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरी चादर बांधली होती. जनरेटर इतका धडधडत होता की निम्मे संवाद बुडत होते. सिनेमा होता ‘करुणामयुडू’, १९७८ चा. हिंदीत तो ‘दयासागर’ नावाने खेडोपाडी फिरला. ए. भीमसिंग यांनी तो करायला घेतला आणि पूर्ण व्हायच्या आत ते वारले. येशू झाला होता विजयचंदर. याच विजयचंदरने पुढे १९८६ साली तेलुगू पडद्यावर शिर्डीचे साईबाबा उभे केले. आत्याची शेजारीण म्हणे, चेहरा तोच आहे, दया तीच आहे.

चादरीच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. मागून बघणाऱ्यांना सगळं उलटं दिसत होतं, येशूचा आशीर्वादाचा हात डावा. एक म्हातारे गोंड आजोबा आले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि उकिडवे बसले. खिळ्यांचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली. आवाज थांबेपर्यंत वर केली नाही. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मराठी माणूस पडद्यावरच्या देवाला असाच भेटत आला आहे. ‘जय संतोषी माँ’ला थिएटरच्या दारात चपलांचे ढीग पडत. मुळात आपला सिनेमा जन्मला तोच येशूचा चित्रपट पाहताना. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्तचरित्राची फिल्म पाहिली. डोळ्यांपुढून येशू जात होता आणि मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असं त्यांनी स्वतः पुढे ‘नवयुग’मध्ये लिहिलं. पुन्हा पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ आला. एका ब्राह्मण घरच्या माणसाने येशूकडे बघताना आपला देव पाहिला, यात मला ख्रिस्ती म्हणून कधीच उणेपणा वाटला नाही. असं बघता येणं हीसुद्धा भक्तीच आहे.

भक्तीच्या बघण्याला काळवेळ लागते, हे झाडीपट्टीतल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. आमच्याकडे नाटक धान घरात आल्यावर. दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरीकडच्या गावागावांत मंडई भरते, दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि ते पहाटेपर्यंत चालतं. घोंगडी पांघरून, पोरं मांडीवर झोपवून बाया रडतात आणि उजाडताना चहा पिऊन घरी जातात. आषाढात कोणी तेच नाटक लावलं तर कोण येईल? ओबरआमरगाऊ या बव्हेरियातल्या गावानेही हेच ओळखलं. प्लेगमधून वाचलो तर प्रभूच्या दुःखसहनाचं नाटक करू, असा नवस १६३३ साली बोलले, दुसऱ्या वर्षी तो फेडला, आणि आज दर दहा वर्षांनी एकदाच करतात. २०२० चा प्रयोग कोरोनामुळे चुकला, तो २०२२ ला केला. दहा वर्षं वाट बघून पाहिलेली गोष्ट आणि रविवारी जेवण झाल्यावर, मोबाइलवर, मध्येच मेसेज बघत पाहिलेली गोष्ट एक कशी असेल?

मी स्वतः गिब्सनचा तो सिनेमा गेल्या वीस वर्षांत चारदा पाहिला. दर वेळी पवित्र आठवड्यातल्या बुधवारी. शुक्रवारी नाही. शुक्रवारी वचन ऐकायचं असतं, आणि सिनेमाची चित्रं डोळ्यांत ताजी असली की पाळकसाहेबांच्या तोंडचा शब्द आत शिरत नाही. बुधवारी पाहिला की मध्ये एक दिवस जातो. पहाटे गावाबाहेर मोहाची फुलं पडत असतात, त्यांचा जड गोड वास असतो, बाया टोपल्या भरत असतात. तो दिवस मध्ये जावा लागतो. एकटीने मी तो कधी पाहिला नाही, पाहणारही नाही.

पोरांना लहानपणी दाखवू नये, या मताची मी आहे. अमेरिकेतसुद्धा सतरा वर्षांखालच्यांना आईबापाशिवाय थिएटरात सोडत नव्हते. मोठ्या झालेल्या पोरांना दाखवताना आणखी एक गोष्ट बोलावी लागते. जमाव ओरडतो, ते यहूदी. रडणाऱ्या बाया, त्याही यहूदी. वधस्तंभावरचा, तोही यहूदी. युरोपात अशी नाटकं बघून लोक यहूद्यांच्या वस्त्यांवर चालून गेले आहेत, आणि हा सिनेमा आला तेव्हा त्यांच्या मनात तीच भीती होती. जमावाच्या तोंडचं सगळ्यांत घातक वाक्य गिब्सनने भाषांतराच्या ओळींतून काढून टाकलं, पण अरामीत ते ऐकू येतंच. आपल्या कोकणात शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल यहूदी आपल्यासारखीच मराठी बोलत आले. ती माणसं शेजारी बसली आहेत असं धरून बघायचं, असं मी पोरांना सांगते.

डोळे मिटणाऱ्यांविषयी विचार करताना मला वरोऱ्याचा तरुण वकील मुरलीधर आमटे, पुढचे बाबा आमटे, आठवतो. सिनेमाचा भारी शौकीन, ‘पिक्चरगोअर’ मासिकासाठी परीक्षणं लिहायचा, ग्रेटा गार्बोशी पत्रव्यवहार. बघण्यात मुरलेली नजर होती ती. आणि पावसात गटारीकडेला पडलेला तुळशीराम, बोटं झडलेली, अंगात किडे, त्या नजरेला दिसला तेव्हा आमटे पळाले. घरी जाऊनही पळतच राहिले. मग परत आले आणि त्याला निवारा केला. त्याच्यापासून आनंदवनापर्यंतची वाट सगळ्यांना माहीत आहे. ते पळाले, हे बाबांनी स्वतः कधी लपवलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. आजीला मी एकदा हे सांगितलं. ती म्हणाली, “पयले सारेच पळते. मी पण पहिल्या दिवशी वार्डातून पळाली होती.” पस्तीस वर्षांत ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती.

त्या बुधवारी सिनेमा शेवटाला आला तेव्हा ऊन उतरलं होतं. पुनरुत्थान गिब्सनने दोन मिनिटांतसुद्धा बसवलेलं नाही. धोंड सरकते, कबरेत उजेड शिरतो, प्रेतवस्त्र आतून रिकामं होऊन खाली बसतं. मग येशूचा चेहरा, आणि चालू लागताना हाताला आरपार भोक. अंधार. कोणी काही बोललं नाही. आईने डोळे पुसले, आतेभावाने सीडी काढली.

आजी दारातल्या खुर्चीवरून उठली. अंगणात दोरीवर वाळलेल्या चादरी होत्या, त्या काढायला गेली. मी दुसरं टोक धरलं. घडी घालता घालता ती म्हणाली, “एक नाही दाखवलं. डोक्याचा रुमाल कापडासंग नव्हता पडला. वेगळा, गुंडाळून ठेवला होता. योहानात आहे.”

मग माझ्या हातातलं टोक घेऊन तिने कोपऱ्याला कोपरा जुळवला आणि चादर खुर्चीवर ठेवली.