एकसष्ट रुपये



मागे मी कांदा-लसूण न घालता कोल्हापुरी चटणी कशी करते ते लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं, "काकू, तुम्ही पार्सलने पाठवता, तर पोस्टाचे पैसे किती लावता? आम्हालाही पापड-सांडगे विकायचे आहेत." उत्तर द्यायला मी इतके दिवस टाळलं. कारण त्या उत्तरात माझी एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता येत नाही.

गोष्ट 2023 च्या दिवाळीच्या आधीची. सांगलीच्या एक काकू, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या, त्यांनी चारशे ग्रॅम चटणी मागवली होती. चटणीचे 320 आणि पोस्टेजचे 120 असे 440 त्यांनी लगेच पाठवले. पार्सल पोचल्यावर त्यांचा मेसेज आला. "चटणी उत्तम झाली आहे. पाकिटावर पोस्टाचा आकडा 59 आहे. वरचे 61 कसले, एवढं सांगाल का? मी रोजचा हिशेब लिहिते म्हणून विचारते."

एवढंच. रागाचा एक शब्द नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे 120 कुठून आले होते ते आधी सांगते. लॉकडाऊनमध्ये पुण्या-बेंगळुरूच्या आमच्या नात्यातल्या मुलींनी चटणी, शेवया, सांडगे मागायला सुरुवात केली. मग त्यांच्या मैत्रिणी, मग मैत्रिणींच्या सासवा. (व्रती मंडळींसाठी मी पाठवत नाही, आधीच सांगते. पार्सलचा माल त्यांच्या मर्यादेत बसत नाही.) दर वेळी वेगळा पोस्टेजचा आकडा सांगायचा कंटाळा यायचा. म्हणून मी एक सरसकट आकडा ठरवला, 120. कुठेही असा, काहीही मागवा. सोपं वाटलं. वाटलं, कुठे दहा जास्त जातील, कुठे दहा कमी, वर्षाला सारखं होईल.

आता मी बी.कॉम. केलेली बाई. कॉलेजात शिकलेलं बाकी सगळं विसरले, पण 'कॅरेज इनवर्ड' आणि 'कॅरेज आउटवर्ड' विसरले नाही. माल घरी आणायचं भाडं ट्रेडिंग अकाउंटला, गिऱ्हाइकाकडे पोचवायचं भाडं प्रॉफिट अँड लॉसला. ते चुकीच्या बाजूला टाकलं की सरांचा लाल पेनाचा गोल ठरलेला. आणि मी घरी काय करत होते? आउटवर्डला खातंच नव्हतं. पोस्टाच्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात टाकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबा काढला. तसंही दिवाळी जवळ आली होती, वीर निर्वाण संवत 2550 ची वही उघडायची, तर जुनी आधी बंद करायला हवी. मागच्या दिवाळीपासून 64 पार्सलं गेली होती. प्रत्येकी 120 प्रमाणे 7,680 रुपये जमा. दिलेले मात्र 9,612. म्हणजे 1,932 रुपयांचा तोटा.

खरं सांगू? तो तोटा बघून मला आधी बरं वाटलं. म्हटलं, मी काही कुणाचं खाल्लेलं नाही, उलट पदरचे घातलेत. सांगलीच्या काकूंना तसंच लिहायला घेतलं. "काकू, लांबच्या पार्सलांत माझं नुकसान होतं, ते यातून..." आणि तिथेच थांबले. यातून काय? गुवाहाटीचं भाडं सांगलीच्या काकूंनी का भरायचं?

कारण गुवाहाटीच होती त्या वहीत. तिथे माझी भाची असते, तिचे यजमान बँकेत आहेत. तिला दोन किलोच्या आतलं पार्सल पाठवलं होतं. तेव्हाच्या दराने दोन हजार किलोमीटरच्या पुढे पहिल्या पाचशे ग्रॅमला 90 आणि पुढच्या प्रत्येक पाचशेला 50. म्हणजे 240, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण 283 रुपये 20 पैसे. तिच्याकडून घेतले 120. भाची आहे, तिला मी प्रेमाने पाठवते, ठीक आहे. पण ते प्रेम माझ्या खिशातून व्हायला हवं. सांगलीच्या काकूंच्या नव्हे.

मग मी 64 पावत्यांच्या दोन रांगा केल्या. 41 जणींकडून कमी घेतलेले, 23 जणींकडून जास्त. जास्तीची बेरीज 1,025 रुपये 40 पैसे. एकूण तोटा खरा होता आणि ही 23 नावंही खरी होती. सरासरी काढली की ती नावं दिसत नाहीत, एवढंच.

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातवा. त्यात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार येतात आणि त्यातला चौथा हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देताना एक माप आणि घेताना दुसरं. दर वर्षी ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आठवडी बाजारातला, तराजूखाली चुंबक लावणारा कुणीतरी येतो. तेव्हा महिन्याभरापूर्वीच मी तो अध्याय ऐकून आले होते. आपलं नाव त्या ओळीत बसेल असं कुठे वाटतं आपल्याला!

सूनबाई म्हणाली, "आई, खोका, चिकटपट्टी, आतली पिशवी, पंचवीस रुपये तर त्याचेच होतात. ते धरले की काकूंचे 61 नाही, 36 च जास्त झाले." हिशेब बरोबर होता तिचा. पण मी काकूंना 'पोस्टेज 120' असं लिहिलं होतं. पॅकिंगचा शब्दही काढला नव्हता. न सांगितलेला खर्च मागाहून कसा कापायचा? मी 61 च परत केले. आणि तेव्हापासून पॅकिंगचे 25 वेगळे लिहिते, पोस्टेज वेगळं.

तिची दुसरी सूचना होती, मोठ्या कंपन्यांसारखं 'पोस्टेज मोफत' करून टाका, किमतीत घाला. ते मला मुळीच पटलं नाही. मोफत म्हणजे कुणीतरी भरलेलंच असतं. चटणीची किंमत 440 करून पोस्टेज शून्य लिहिलं तर सांगली पुन्हा गुवाहाटीचं भाडं भरणार, फक्त आता काकूंना ते पाकिटावर दिसूनही कळणार नाही. शिवाय वडगावातलीच कुणी घरी येऊन चटणी नेते, तिने 440 का द्यावेत?

आता जे शिकले ते सांगते. यातले दर त्या वेळचे आहेत. 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टचे दर बदलले, तेव्हा आकडे तुम्ही तुमच्या पोस्टातून नवे घ्या. रीत तीच.

पत्राची गोष्ट वेगळी आहे. 1854 साली इंग्रजांच्या राज्यात अर्ध्या आण्याचं तिकीट आलं, तेव्हापासून पत्राला अंतर मोजत नाहीत, फक्त वजन. म्हणून साधं पत्र कागलला पाठवा नाहीतर काश्मीरला, दर एकच. माझ्या डोक्यात तेच बसलेलं होतं. पार्सलाला मात्र अंतर आणि वजन दोन्ही लागतं. अंतर कळतं पिनकोडवरून, म्हणून मी आता ऑर्डर घेताना नावाच्याही आधी पिनकोड विचारते. (ही पिनकोडची पद्धत बसवली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने, तेही संस्कृतचे पंडित. 15 ऑगस्ट 1972 ला ती सुरू झाली.) आमचं वडगाव 416112, सांगली 416416. पहिले तीन आकडे जुळले की पार्सल जवळचं, एवढं तर आता माझा नातूही सांगतो. पूर्वी मी वहीत नुसतं 'सांगली' लिहायची आणि 120 लावायची.

वजनाचं बघा. सगळ्यात जास्त पैसे मी वजनात घालवले, तेही ग्रॅमात. पोस्टाचा टप्पा पाचशे ग्रॅमचा. टप्प्याच्या वर एक ग्रॅम गेला की पुढचा पूर्ण टप्पा लागतो. बेंगळुरूला दोन किलोच्या आत असतं तर 60 आणि तीनदा 30, म्हणजे 150 अधिक जीएसटी, 177. माझं पार्सल भरलं दोन किलो वीस ग्रॅम. झाले 212 रुपये 40 पैसे. वीस ग्रॅमचे 35 रुपये 40 पैसे! एवढ्यात किती पापड आले असते. आणि ते वीस ग्रॅम पापडांचे नव्हतेच, प्लॅस्टिकच्या डब्याचे होते. घरी मी फक्त जिन्नस मोजत होते. रिकामा खोका दोनशे ग्रॅम, डबा साठ, चिकटपट्टी आणि पत्त्याचा कागद मिळून तीसेक, हे सगळं पोस्टाच्या काट्यावर चढतं. आता सगळं बांधून, पट्टी मारून, पत्ता चिकटवून मगच वजन करते आणि टप्प्याच्या तीस-चाळीस ग्रॅम आत ठेवते, कारण माझा स्वयंपाकघरातला काटा आणि पोस्टाचा काटा सख्खी भावंडं नाहीत. चटणीला डब्याऐवजी दुहेरी जाड पिशवी वापरते. तेल सुटत नाही, फक्त हवा नीट काढायची.

आणि शेवया! हातशेवया पाठवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. हैदराबादला दोन किलो शेवया घाईने हव्या होत्या म्हणून एका कुरियरने पाठवल्या. मोडू नयेत म्हणून मोठा खोका घेतला, 40 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 25 उंच, आत वर्तमानपत्रांचे बोळे. काट्यावर अडीच किलोही भरलं नाही. बिल आलं सहा किलोचं, 540 रुपये. मी भांडायला निघाले होते. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, "काकी, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार." मी तिथेच पावतीच्या मागे करून बघितलं. तीस हजार भागिले पाच हजार, सहा. मुलगा बरोबर होता. गाडीत जागा अडते तिचे पैसे. काट्यावरचं वजन आणि हे आकाराचं वजन, यातलं जे जास्त असेल ते लावतात. म्हणजे मी हैदराबादला साडेतीन किलो हवा पाठवली होती. तिच्याकडून घेतले होते 120, आणि ते 420 कुणाच्या नावावर टाकायचे हे वहीत कुठेच नव्हतं. आता शेवयांचे जुडे कमी उंचीच्या खोक्यात, एकमेकांना टेकून बसवते. चार-दोन मोडतात. मोडलेल्या शेवयांचीही खीर होतेच, हे मी घेणारीला आधीच सांगून ठेवते.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलाय. आडवी अंतरं, उभी वजनं, जीएसटी धरून. ऑर्डर आली की पिनकोड बघून त्यावरून आकडा सांगते आणि पार्सल गेलं की पावतीचा फोटो पाठवते. दोन-पाच रुपये कमी-जास्त निघाले तर पुढच्या वेळी वळते करते. वेळ लागतो का? लागतो. तीन बायकांनी "बाकीच्या तर पोस्टेज लावतच नाहीत" म्हणून घेणं बंद केलं. पुण्याची एक म्हणाली, पावतीचा फोटो कशाला, आमचा काय अविश्वास आहे का. तिला म्हटलं, तुमचा नाही हो, माझाच माझ्यावर.

त्या 23 जणींना मी एकेक करून मेसेज केला. लाज वाटत होती. काय लिहायचं, 'माझ्या हिशेबात चूक झाली' एवढंच लिहिलं, आकडा आणि पावतीचा फोटो. वीस जणींनी घेतले. कुणी हसण्यावारी नेलं, एकीने उलट मलाच धीर दिला. सांगलीच्या काकूंनी फक्त "मिळाले. नोंद केली" असं लिहिलं, आणि आठ दिवसांनी पाऊण किलो चटणीची ऑर्डर दिली, खाली स्वतःच हिशेब मांडून: पोस्टेज अमुक, पॅकिंग 25. पोस्टेजचा आकडा बरोबर होता. माझ्या कागदाच्या आधी त्यांनी दर विचारून ठेवले होते.

तिघींनी मात्र घेतले नाहीत. एकीचा नंबर बंद. दुसरी म्हणाली, "राहू द्या हो, एवढ्याशासाठी." तिसरी काही बोललीच नाही. दोघींचे 61 आणि एकीचे 43 रुपये 30 पैसे, मिळून 165 रुपये 30 पैसे. आमचे हे म्हणाले, बस्तीतल्या दानपेटीत टाक. पण दुसऱ्याच्या पैशाचं दान माझ्या नावावर कसं होईल? पाकिटात घालून, वर तिघींची नावं लिहून, त्याच बिस्किटाच्या डब्यात ठेवले आहेत. राहू द्या म्हणणारी या मे महिन्यात बाहुबलीला येणार आहे म्हणे.