काउंटरच्या आतल्या बाजूने

अमेरिकेत शिकायला गेलेल्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला 20 तासच काम करता येतं. ग्रंथालयातली बसून करायची कामं आधी आलेल्यांनी पटकावलेली. माझ्या वाट्याला आलं फूड कोर्टातलं चायनीज काउंटर. डोक्यावर टोपी, हातात मोजे, समोर काच आणि काचेमागे गरम पाण्याच्या वाफेवर ठेवलेले स्टीलचे ट्रे.

पद्धत अशी: 'बोल' घेतला तर खाली भात, फ्राइड राइस, चाऊमीन किंवा नुसत्या भाज्या, आणि वर एक पदार्थ. 'प्लेट' घेतली तर वर दोन. खाली अर्धा भात, अर्धे नूडल्स असंही चालतं. गिऱ्हाईक काचेतून बोट दाखवतं, आपण डावाने वाढायचं आणि बोल पैसे घेणाऱ्याकडे सरकवायचा. ही पद्धत अमेरिकेत सगळ्यात दूरवर नेली ती पांडा एक्सप्रेस या साखळीने. अँड्र्यू आणि पेगी चर्न्ग या जोडप्याने 1983 साली कॅलिफोर्नियात ग्लेनडेलच्या मॉलमध्ये ही साखळी सुरू केली. आमचं काउंटर त्यांचं नव्हतं, पण ऑरेंज चिकन आमच्याकडेही होतंच. 1987 साली त्यांच्या अँडी काओ नावाच्या शेफने आणलेला हा तळलेला, गोड-आंबट प्रकार आता कुठेही मिळतो.

फलकावर मोठ्या अक्षरात 'तुमच्या आवडीप्रमाणे' असं लिहिलेलं. लोकांची आवड मात्र ठरलेली: चाऊमीनवर ऑरेंज चिकन. रांगेत उभं राहून पाच मिनिटं सगळे ट्रे न्याहाळायचे आणि शेवटी तेच मागायचं. त्यामुळे चिकनचा ट्रे सतत भरावा लागे आणि टोफू-वांग्याचा तसाच पडून राही. अन्न 135 अंश फॅरेनहाइटच्या खाली जाऊ द्यायचं नाही, म्हणून अधूनमधून थर्मामीटर खुपसून वहीत आकडा लिहायचा. उष्णता टिकली तरी वांग्यांचा गाळ व्हायचा तो होतोच. फेकून द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मला शेवटपर्यंत जड गेलं.

आतल्या वोकवर मेक्सिकोचा एक वयस्क आचारी होता. जाळाचा आवाज एवढा, की बोलणं खुणांनीच. भाज्या आधीच उकळत्या पाण्यातून काढलेल्या. त्या वोकमध्ये टाकायच्या, सॉस घालायचा, शेवटी पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर. चकाकी आली की उतरवायचं. दोन मिनिटांत ट्रे तयार! मग डोक्यावरचा नळ वोकमध्ये सोडून, झाडूसारख्या ब्रशने घासून लगेच पुढचा पदार्थ. स्वतः मात्र तो टॉर्टिया आणि बीन्स खायचा.

आपल्याकडची मुलं आली की पहिला प्रश्न, "शेजवान नाही का रे?" नव्हतं, आणि मंचुरियनही नव्हतं. ते मुंबईचं, नेल्सन वाँग यांनी 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलेलं. ही मुलं मग टेबलावरच्या लाल मिरचीच्या सॉसच्या पुड्या मूठभर उचलून न्यायची.

पदवीदानाच्या आठवड्यात एका मित्राचे आईवडील आले. काकूंनी टोफू-वांग्याकडे बोट दाखवलं. "हे व्हेज आहे ना रे?"

"काकू, मांसाचे तुकडे नाहीत. पण सॉसमध्ये ऑयस्टर सॉस आहे, म्हणजे कालवांचा. आणि वोक एकच."

"मग चाऊमीन?"

"त्यालाही तोच वोक."

काका म्हणाले, "पांढरा भात तरी वेगळा शिजतो का?" तो कुकरमध्ये शिजायचा. त्यांनी भात घेतला आणि पिशवीतलं लिंबाचं लोणचं काढलं. माझ्या वरिष्ठाला मी हे सांगितलं ते रुचलं नाही. "विचारलं तेवढंच बोल," असं मला नंतर ऐकवण्यात आलं. मी पुढेही सांगत राहिलो.

तेव्हा अशा ठिकाणी जाणार असाल तर नुसतं 'व्हेज आहे का' विचारू नका. मांसाचा तुकडा नसला की तिथे 'हो' म्हणतात. सॉस कशाचा आणि वोक वेगळा का, हे विचारा. दुपारी चारच्या शुकशुकाटात जाऊ नका, रांग असेल तेव्हा जा, तेव्हाच ट्रे ताजे असतात. आणि पार्सल घेतलंत तर तळलेल्या पदार्थाच्या डब्याचं झाकण एका कोपऱ्यात उघडं ठेवा, नाहीतर घरी पोचेपर्यंत वाफेने सगळं मऊ पडतं.