संध्याकाळचे सात

दारू सुटली की माणसाच्या हाती अचानक एक अख्खी संध्याकाळ येते आणि तिचीच त्याला धास्ती वाटते. सात वाजले की पाय आपसूक जुन्या वळणाकडे निघतात. तोंडाला कोरड पडते. घरात बसावं तर पंख्याची घरघरसुद्धा अंगावर येते. गुत्त्यावर हाक मारणारे चारजण तरी होते; इथे कुणाशी काय बोलायचं हेच सुचत नाही. पिण्याने वाटोळं केलं हे त्याला पक्कं ठाऊक असतं, पण ते वाटोळं ओळखीचं असतं.

घरचेही धास्तावलेलेच असतात. जिन्यात चप्पल वाजली की मुलगी अजूनही दप्तर उचलून आतल्या खोलीत जाते. बायको दार उघडताना नकळत वास घेते. अशा घरात आशा धरायची तर ती ठरवूनच धरावी लागते.

अशा घरांना आधार देणाऱ्या जागाही आहेत. गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) व्यसनावरचे लेखक अनिल अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि १९८६ साली पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी ते मायेने वाढवलं. रुग्णांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ गट आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांच्या मनातली धास्तीही कुणीतरी ऐकून घ्यायला हवीच होती.

‘फक्त आजचा दिवस’ असं या वाटेवरची माणसं म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दोन मद्यपी एकमेकांशी मोकळेपणाने बोलले, त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना उभी राहिली. तिथून हे शब्द आपल्याकडच्या बैठकांत रुळले. गटारीला काय करू, भावाच्या लग्नात मित्रांनी आग्रह केला तर? हे आज सोडवायचं नाही. आजची संध्याकाळ तेवढी पार पाडायची. मला यात मोठं धाडस दिसतं. रोज पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. झटके येतात, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं. आणि मध्येच ‘स्लिप’ झाली, म्हणजे पुन्हा पिणं घडलं, तरी आधीचे कोरडे दिवस फुकट गेले असं मी मानत नाही.

तुमच्या घरी असा कुणी असेल, तर ‘आता टिकेल ना?’ असं त्याला विचारू नका. सातच्या सुमारास भाजी निवडायला शेजारी बसवा.